रेव्हरंड गॅरी डेव्हिस: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

गिटार शिकणारी मुलं, ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं लोकसंगीत, नुकतंच ऐकायला लागलेले मित्र, आणि एकदा तर खालच्या मजल्यावरच्या काकू ज्यांना आमच्या घरातून येणारा "तो म्हाताऱ्याचा आवाज" फार आवडला होता, या सगळ्यांनी गेल्या काही वर्षांत जे जे विचारलं ते एकदा नीट लिहून ठेवतोय. मराठीत या माणसाबद्दल वाचायला फारसं काही मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिलंय.

हे नेमके कोण?

अमेरिकेतले अंध गिटारवादक, गायक आणि धर्मोपदेशक. जन्म ३० एप्रिल १८९६, साउथ कॅरोलायना राज्यातल्या लॉरेन्स गावाजवळ. मृत्यू ५ मे १९७२, न्यू जर्सी राज्यात. मधल्या ७६ वर्षांत शेतमजुराच्या घरातलं पोर, रस्त्यावर वाजवून पोट भरणारा तरुण, मग पाद्री, मग न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या वस्तीच्या फुटपाथवरचा म्हातारा, आणि शेवटच्या दहाबारा वर्षांत ज्याच्या पायाशी बसायला गोरी कॉलेजची पोरं बसगाड्या बदलून यायची असा गुरू. एवढं सगळं एकाच माणसाचं आयुष्य आहे.

जन्मापासून अंध होते का?

नाही, पण जवळजवळ तसंच. ते स्वतः सांगायचे की तीन आठवड्यांचा असताना माझे डोळे आले, डॉक्टरकडे नेलं, त्याने डोळ्यांत काहीतरी घातलं आणि त्याने डोळ्यांत व्रण झाले. म्हणजे आपल्याकडे कुठल्याही घरात बाळाचे डोळे येतात आणि चार दिवसांत बरे होतात, तेवढीच गोष्ट. १८९६ साली दक्षिणेतल्या एका गरीब काळ्या कुटुंबाच्या वाट्याला जे औषध आलं त्यात ते बाळ कायमचं अंध झालं.

आईला आठ मुलं झाली, त्यातली दोनच मोठी झाली. गॅरीला आजीने वाढवलं. वडील अलाबामात बर्मिंगहॅमला शेरीफच्या गोळीने मेले असं त्याला लहानपणीच कळलं होतं. पुढे त्यांनी मृत्यूवर एक गाणं गायलं, 'डेथ डोन्ट हॅव नो मर्सी', ज्यात मृत्यू घरोघरी पाहुण्यासारखा येत राहतो. ते ऐकताना हे घर डोळ्यासमोर ठेवा.

ब्लूजमध्ये एवढे अंध लोक कसे काय?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा. ब्लाइंड लेमन जेफरसन, ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड विली मॅकटेल, ब्लाइंड विली जॉन्सन, ब्लाइंड बॉय फुलर, यादी संपतच नाही. लोकांना वाटतं की डोळे गेले की कान तीक्ष्ण होतात वगैरे, पण मला ते उत्तर अपुरं वाटतं. साधी गोष्ट अशी की कापसाच्या आणि तंबाखूच्या शेतांवर जगणाऱ्या त्या भागात अंध काळ्या माणसाला दुसरं कामच नव्हतं. शेतात उपयोग नाही, गिरणीत कोणी घेणार नाही. मग उरलं काय तर भीक किंवा वाद्य, आणि ज्याच्या हातात वाद्य होतं तो दिवसभर तेच वाजवायचा, वर्षानुवर्षं, म्हणून हात तसा तयार व्हायचा. शिवाय रेकॉर्ड कंपन्यांना "ब्लाइंड" हा शब्द लेबलवर छापायला आवडायचा, त्यावर रेकॉर्डी खपायच्या. डेव्हिस यांच्या १९३५ च्या रेकॉर्डींवरही "ब्लाइंड गॅरी" असंच छापलेलं आहे. पुढे त्यांना लोक रेव्हरंड म्हणायला लागले ते मला फार बरं वाटतं.

गिटार शिकवली कोणी?

आजीने पत्र्याच्या ताटलीची खेळण्यातली गिटार करून दिली होती, आणि सातेक वर्षांचा असताना खरी गिटार हातात आली. बँजो आणि माउथ ऑर्गनही वाजवायचे. पुढे ग्रीनव्हिल शहरात एका स्ट्रिंग बँडमध्ये वाजवलं, तिथे विली वॉकर नावाचा अजून एक अंध गिटारवादक होता, ज्याच्या १९३० सालच्या मोजक्या रेकॉर्डी आजही ऐकायला मिळतात आणि तो वेग ऐकून घाम फुटतो. स्पार्टनबर्गजवळ सीडर स्प्रिंग्जला अंध आणि मूकबधिर मुलांची शाळा होती, तिथेही गेले पण काही महिन्यांतच सोडली. कारण? जेवण आवडत नव्हतं.

आणि एक अपघात. बर्फावरून घसरून पडले, डावं मनगट मोडलं, आणि हाड वाकडंच बसलं. त्यामुळे हात गिटारच्या नेकवर वेगळ्याच कोनात यायचा आणि दुसऱ्या कोणाला जमणार नाहीत अशा कॉर्ड त्यांना सहज पकडता यायच्या, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

ते फक्त दोन बोटांनी वाजवायचे हे खरं आहे का?

खरं आहे! आणि माझ्यासाठी सगळी गोष्ट इथेच सुरू होते.

उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बस. अंगठ्यात प्लास्टिकचा थंबपिक (तार छेडायची नखी), बोटात धातूचा फिंगरपिक. आपल्याकडे क्लासला गेलं की पहिल्याच आठवड्यात सांगतात की अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, प्रत्येकाला आपापली तार, आणि ते बरोबरच आहे, क्लासिकल गिटारला तेच लागतं. मी पण तसंच शिकलो. मग एक दिवस डेव्हिस यांचा जुना व्हिडिओ बघितला आणि त्यात बेस चालू आहे, मधले सूर चालू आहेत, वरती मेलडी चालू आहे आणि मधूनच एक झर्रकन तान येऊन जाते, आणि हात बघावा तर हलतायत दोनच बोटं. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत बसलो.

युक्ती अशी आहे की त्यांचा अंगठा फक्त बेस सांभाळत नाही. बाकीच्या बऱ्याच वादकांचा अंगठा घड्याळासारखा खालच्या तारांवर टिक-टॉक करतो आणि बोटं वर गाणं वाजवतात. डेव्हिस यांचा अंगठा मध्येच बेस सोडून वरच्या तारांवर येतो, बोटाबरोबर आळीपाळीने तान घेतो, आणि वेळेत परत जागेवर जातो. बेस तुटला असं ऐकणाऱ्याला वाटतच नाही. डाव्या हाताचा अंगठासुद्धा नेकच्या वरून वळवून जाड तारा दाबायचे, म्हणजे तोही कामाला. त्यांचे विद्यार्थी सांगतात की ते गिटारला गळ्यात अडकवलेला पियानो म्हणायचे, आणि ऐकलं की पटतं, कारण डावा हात एक बोलतोय आणि उजवा दुसरं अशी पियानोची रॅगटाइम नावाची जुनी अमेरिकन चाल त्यांनी सहा तारांवर आणून बसवली होती.

अजून एक, गिटार वाजवणाऱ्यांसाठी. ब्लूजवाले बहुतेक ई आणि ए मध्ये रमतात कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. डेव्हिस सी, एफ, जी, डी, सगळीकडे तितक्याच आरामात फिरायचे आणि तेही जास्त करून स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये. एफ मध्ये एवढं मोकळं वाजवणारा माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

म्हणजे हे डेल्टा ब्लूज का?

नाही. मिसिसिपीच्या डेल्टातलं ब्लूज वेगळं, जड, एका जागी घुमणारं. डेव्हिस ज्या भागातले त्याला पीडमॉन्ट म्हणतात, अ‍ॅपलेशियन डोंगर आणि समुद्रकिनारा यांच्या मधला पट्टा, कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनिया. तिथली गिटार नाचरी, हलकी, रॅगटाइमच्या जवळची. पण डेव्हिस यांना नुसतं पीडमॉन्ट म्हणून सोडून देणंही मला पटत नाही कारण त्यांच्या वाजवण्यात चर्चमधलं सामूहिक गाणं आहे, लष्करी बँडचे मार्च आहेत (एका तुकड्यात ते गिटारवर बिगुल आणि ढोल चक्क काढून दाखवतात), सर्कस-जत्रेतली गाणी आहेत, सगळं आहे.

पाद्री कधी झाले, आणि पाद्री होऊन ब्लूज कसं काय?

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात असताना, १९३० च्या दशकात. त्याआधीची वर्षं फिरस्तीची होती, रस्त्यावर ब्लूज वाजवायचं आणि मिळेल तिथे राहायचं. मग नॉर्थ कॅरोलायनात त्यांना बाप्टिस्ट पंथात दीक्षा मिळाली आणि त्यांनी ठरवलं की यापुढे देवाचंच गाणार.

तिकडच्या काळ्या समाजात हा भेद फार कडक होता. ब्लूज म्हणजे सैतानाचं संगीत, दारू-जुगाराच्या अड्ड्यावरचं, आणि चर्चमध्ये गाणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे एखाद्या कीर्तनकारबुवाने फडावर ढोलकी धरली तर गावात जे बोललं गेलं असतं तसंच काहीसं. पण गंमत बघा, गिटार तीच आहे आणि हातही तेच आहेत. त्यांनी शब्द बदलले, वाजवणं नाही बदललं. त्यामुळे त्यांचं देवाचं गाणं ऐकताना पण पाय हलतोच.

आणि कीर्तनावरून अजून एक सांगतो. गाताना ते कितीतरी वेळा ओळ अर्धीच सोडतात आणि उरलेले शब्द गिटार म्हणते. बुवांनी पद अर्धं सोडावं आणि मागच्या झिलकऱ्यांनी ते पुरं करावं, अगदी तसं. मला हे कळलं तेव्हापासून मी त्यांची गाणी एका माणसाची म्हणून ऐकूच शकत नाही.

१९३५ च्या रेकॉर्डिंगची गोष्ट काय आहे?

डरहॅम म्हणजे तंबाखूचं शहर. पीक आलं की शेतकरी गोदामांवर लिलावाला यायचे, खिशात वर्षाचा पैसा खुळखुळायचा, आणि गोदामांच्या बाहेर गाणारे-वाजवणारे उभे असायचे. तिथे जे. बी. लाँग नावाचा एका डॉलर स्टोअरचा मॅनेजर होता, त्याने हे ऐकलं आणि जुलै १९३५ मध्ये डेव्हिस, ब्लाइंड बॉय फुलर आणि बुल सिटी रेड या तिघांना गाडीत घालून न्यूयॉर्कला एआरसी कंपनीत रेकॉर्डिंगला नेलं. फुलरला डेव्हिस यांनीच बरंचसं शिकवलेलं.

डेव्हिस यांनी दोन ब्लूज गाणी दिली आणि मग सांगितलं की आता फक्त धार्मिक गाईन. लाँगला ब्लूज हवं होतं कारण ते खपतं. डेव्हिस हटले नाहीत. एकूण १५ बाजू, म्हणजे १५ गाणी, रेकॉर्ड झाल्या. पैशांवरूनही वाजलं, आपल्याला फसवलं असं त्यांना वाटलं ते शेवटपर्यंत. मग पुढची दहा वर्षं एकही रेकॉर्ड नाही. फुलरच्या मात्र शंभरावर बाजू निघाल्या, तो त्या भागातला स्टार झाला आणि १९४१ मध्ये तरुण वयातच गेला.

मला कोणी विचारलं की डेव्हिस यांचं तेव्हा नुकसान झालं का, तर झालं, सरळ झालं. अंध, गरीब, सरकारी मदतीवर जगणारा माणूस आणि तो खपणारं गाणं गायला नाही म्हणतो, ही गोष्ट मला आजही हलवते.

न्यूयॉर्कला कसे गेले?

दुसरं लग्न अ‍ॅनी यांच्याशी झालं, १९४३ मध्ये. अ‍ॅनीला न्यूयॉर्कजवळ घरकामाची नोकरी मिळाली, तिच्यामागोमाग १९४४ मध्ये हेही गेले. मग ब्राँक्समध्ये घर. रोज हार्लेमला जाऊन फुटपाथवर उभं राहून गायचं, उपदेश करायचा, आणि रविवारी दुकानाच्या गाळ्यात भरणाऱ्या एखाद्या छोट्या चर्चमध्ये प्रवचन. हे थंडीत, उन्हात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. त्यांचा आवाज जो एवढा खरखरीत आणि मोठा आहे तो उगीच नाही, ट्रॅफिकच्या वर ऐकू जायला हवा ना. रस्त्यावर गिटारी चोरीलाही गेल्या. दिसत नाही म्हटल्यावर चोराचं फावतंच.

मग प्रसिद्धी कधी मिळाली?

हळूहळू. लेडबेली हा नावाजलेला लोकगायक १९४९ मध्ये गेला, त्याच्या स्मरणार्थ जानेवारी १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये कार्यक्रम झाला त्यात डेव्हिस गायले. लेडबेलीची भाची टायनी रॉबिन्सन हिच्या घरी गाणाऱ्यांच्या बैठका व्हायच्या, तिथे तरुण पोरांनी त्यांना जवळून ऐकलं. आणि मग ऑगस्ट १९६० मध्ये न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत, जिथे जॅझमधले मोठमोठे लोक रेकॉर्ड करायचे, तिथे एका दुपारी बसून त्यांनी 'हार्लेम स्ट्रीट सिंगर' हा अल्बम केला. बारा गाणी. वय ६४. पुढे १९६४ मध्ये मडी वॉटर्स, सिस्टर रोझेटा थार्प वगैरेंबरोबर इंग्लंडचा दौरा, १९६५ मध्ये न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल.

पैसे मिळाले का शेवटी?

मिळाले, आणि ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं. १९६२ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या तिघा लोकगीत गायकांचा पहिला अल्बम आला आणि अमेरिकेत नंबर एकला गेला. त्यात सॅमसनचं गाणं होतं जे ते डेव्हिस यांच्याकडून शिकले होते, आणि त्याची रॉयल्टी डेव्हिस यांना मिळाली. त्या पैशातून त्यांनी आणि अ‍ॅनीने क्वीन्समधल्या जमैका भागात स्वतःचं घर घेतलं. मग फुटपाथवर उभं राहायची गरज उरली नाही. वयाच्या पासष्टी-सत्तरीत का होईना.

गाणं जुनं आहे, ब्लाइंड विली जॉन्सनने १९२७ मध्ये रेकॉर्ड केलेलं आहे. बायबलमधला सॅमसन, ज्याचे शत्रूंनी डोळे काढले आणि ज्याने शेवटी खांब हलवून अख्खं मंदिर शत्रूंवर पाडलं. दोन अंध माणसांनी ते गाणं आपलंसं केलं हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

शिकवायचे कसे? फी किती?

पाच डॉलर. आणि तास वगैरे काही नाही, सकाळी गेलेला मुलगा रात्री घरी. अ‍ॅनी जेवायला वाढायची. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून शिकायची पद्धत होती तिच्या हे फार जवळचं आहे, फरक एवढाच की पोरं संध्याकाळी सबवेने ब्रुकलिनला परत जायची. नोटेशन नाही, पुस्तक नाही. ते वाजवणार, तुम्ही ऐकणार, चुकलात की परत. ते अंध असल्यामुळे तुमचं बोट कुठे आहे हे त्यांना दिसत नव्हतं, पण कोणती तार चुकली ते लगेच कळायचं. अ‍ॅनी बाहेर गेली की मात्र दारातून कोणी येत नाही ना याची खात्री करून जुनं ब्लूजही वाजवायचे, हे बऱ्याच जणांनी सांगितलंय. तिला ते घरात चालायचं नाही.

स्टेफान ग्रॉसमन पंधरा वर्षांचा असताना गेला आणि वर्षानुवर्षं जात राहिला, टेपरेकॉर्डर घेऊन. त्याच्यामुळे आज यातलं कितीतरी संगीत शिल्लक आहे. डेव्ह व्हॅन रॉन्क, डेव्हिड ब्रॉमबर्ग, रॉय बुक बाइंडर, वुडी मान, हार्लेमचा लॅरी जॉन्सन, ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा बॉब विअर, हे सगळे त्यांच्याकडे बसलेले. यातले काही जण त्यांचा हात धरून कार्यक्रमांना न्यायचे. दक्षिणेत पूर्वी अंध गवयांना असा हात धरून नेणारा पोरगा लागायचा, ते काम आता हे विद्यार्थी करत होते आणि बदल्यात वाटेत शिकत होते.

"कोकेन ब्लूज" पण यांचंच ना? पाद्री आणि कोकेन?

ते म्हणायचे की १९०५ मध्ये जत्रेबरोबर फिरणाऱ्या एका वादकाकडून हे शिकलो, म्हणजे नऊ वर्षांचे असताना. पाद्री झाल्यावर असली गाणी सार्वजनिक ठिकाणी टाळायचे, पुढे विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे वाजवायला लागले, पण शब्द बऱ्याचदा गात नाहीत, नुसते बोलतात. रॉक गायक जॅक्सन ब्राउनने १९७७ मध्ये हे रेकॉर्ड केलं, बरेच लोक तिथूनच उलटे मागे येऊन डेव्हिसपर्यंत पोचतात.

रॉकवाल्यांनी अजून काय घेतलं?

ग्रेटफुल डेडने 'डेथ डोन्ट हॅव नो मर्सी' आणि सॅमसन दोन्ही वाजवली, हॉट टूना या बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बमवर डेव्हिस भरलेले आहेत, बॉब डिलनही सुरुवातीला त्यांची गाणी गायचा. हॉट टूनाचा योर्मा कौकोनेन तर प्रत्यक्ष त्यांच्याकडे शिकलाही नव्हता, दुसऱ्या एका गिटारवाल्याकडून ते सगळं त्याच्यापर्यंत आलं, आणि आज तो स्वतः ते शिकवतो.

गिटार कोणती?

गिब्सन जे-२००, मोठ्या पोटाची. तिला ते "मिस गिब्सन" म्हणायचे. नंतर बारा तारांचीही वाजवली.

शेवट कसा झाला?

कार्यक्रमाला निघाले होते. न्यू जर्सीत हॅमंटनला हार्ट अटॅक आला आणि गेले. लाँग आयलंडवर लिनब्रुक इथल्या रॉकव्हिल दफनभूमीत त्यांना पुरलंय.

मला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी थंबपिक घ्या आणि पहिले दोन आठवडे तो बोटात फिरतो, घट्ट होतो, टोचतो, हे सगळं सहन करा, त्याला इलाज नाही. मग सी कॉर्डवर नुसता अंगठा, दुसरं काही नाही, जेवण होईपर्यंत टीव्हीसमोर बसून केलंत तरी चालेल. बेस आपोआप चालायला लागला की मग तर्जनी. मधलं बोट उचलून मदतीला येतंच, त्याला येऊ देऊ नका, मी सुरुवातीला ते करंगळीला रबरबँडने बांधून ठेवायचो आणि त्याचा खरंच उपयोग झाला. 'कँडी मॅन' पहिलं घ्या. वेग विसरा.

आणि फक्त ऐकायचं असेल तर?

'हार्लेम स्ट्रीट सिंगर', त्यातही 'आय अ‍ॅम द लाइट ऑफ धिस वर्ल्ड'. हेडफोन लावून. पहिल्यांदा आवाज कर्कश वाटेल, वाटू दे, दुसऱ्यांदा फक्त गिटारकडे लक्ष द्या, आणि तिसऱ्यांदा जिथे ते ओळ सोडतात तिथे तुम्ही स्वतः ती पुरी करायचा प्रयत्न करून बघा. खालच्या काकू हेच करतात, शब्द माहीत नसताना, कपडे वाळत घालता घालता.